स्टाइनबेकच्या कादंबरीतील छावणी

जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ राथ' या कादंबरीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका बाजूस ती आर्थिक मंदीच्या काळातील विस्थापितांचा दस्तऐवज मानली जाते व तिच्या वाङ्मयीन गुणांचा विचार दुय्यम ठरतो. दुसऱ्या बाजूस तिच्यातील बायबलची प्रतीके, मधली निबंधवजा प्रकरणे, शेवटच्या प्रसंगाचे औचित्य यांची चिकित्सा होते व ज्या छावण्यांतून जोड कुटुंबाला दिवस काढावे लागतात त्या केवळ पार्श्वभूमी म्हणून मागे राहतात. वस्तुतः ही कादंबरी कॅलिफोर्नियात पोचल्यापासून अखेरपर्यंत छावण्यांतूनच घडते. एक छावणी सोडून दुसरीत जाणे हीच तिच्या उत्तरार्धातील घटनांची साखळी आहे. तेव्हा छावणीचे वर्णन कसे केले आहे एवढेच न पाहता, या छावण्या कोणत्या क्रमाने मांडल्या आहेत आणि त्या क्रमातून कोणता विचार सिद्ध होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम 'छावणी' या शब्दाविषयी. मराठीत हा शब्द लष्कराच्या तळाचा. दुष्काळात गुरांसाठी उघडलेल्या चाऱ्याच्या छावणीमुळे त्याला दुसरा अर्थ आला. पहिल्या अर्थात शिस्त आहे, दुसऱ्यात तात्पुरता आसरा. कॅलिफोर्नियातील हंगामी शेतमजुरांच्या वसतीला दोन्ही अर्थ लागू पडतात, पण एकाच ठिकाणी नव्हे. आणि कादंबरीतील निरनिराळ्या वसतींमधील भेद नेमका येथेच आहे.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. १९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसुरी या राज्यांतून तीन लाखांहून अधिक माणसे कॅलिफोर्नियात आली. यांतील सर्वच धुळीच्या वादळांनी हाकलून लावलेली नव्हती. जोड कुटुंबाचे गाव सॅलिसॉ हे ओक्लाहोमाच्या पूर्व भागात येते, व धुळीचा खरा प्रदेश राज्याच्या पश्चिमेकडील चिंचोळ्या पट्ट्यात होता. स्टाइनबेकच्या भूगोलातील ही ढिलाई टीकाकारांनी वारंवार दाखविली आहे. पूर्वेकडील कुळांना हलविले ते कापसाच्या घसरलेल्या भावाने, अवर्षणाने, लागवड कमी करण्यासाठी जमीनमालकांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाने आणि त्या पैशांतून आलेल्या ट्रॅक्टरने. कॅलिफोर्नियात त्यांची गाठ पडली ती विस्तीर्ण फळबागांशी व कापसाच्या शेतांशी. या शेतांना वर्षातून काही आठवडेच हजारो हात लागत व उरलेले महिने एकही नको असे. मजुराने हंगामाला हजर असावे, हंगाम संपताच दिसेनासे व्हावे, अशी ही व्यवस्था होती. १९३५ च्या दोन मोठ्या कायद्यांनी, म्हणजे कामगार संघटनांच्या व सामाजिक विम्याच्या कायद्यांनी, शेतमजुराला आपल्या कक्षेबाहेरच ठेवले. त्यामुळे त्याच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

स्टाइनबेकने हा प्रदेश प्रथम वार्ताहर म्हणून पाहिला. ऑक्टोबर १९३६ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकात त्याची सात लेखांची माला प्रसिद्ध झाली. तिच्यातील दुसरा लेख कादंबरीच्या अभ्यासकाने बारकाईने वाचण्यासारखा आहे. रस्त्याकडेला, कालव्याच्या काठी आपणहून वसलेल्या एका वस्तीतील तीन कुटुंबे तेथे एकामागून एक दाखविली आहेत. पहिल्याचे घर पन्हळी पुठ्ठ्याचे आहे. पहिल्याच पावसात त्याचा लगदा होणार. तरीही घर झाडलेले आहे आणि शौचासाठी खड्डा खणलेला आहे. या कुटुंबाची एके काळी पन्नास एकर जमीन होती. दुसरे कुटुंब मातीच्या रंगाच्या फाटक्या तंबूत राहते. तेथे माश्या आहेत, अंथरूण-पांघरूण सामाईक आहे आणि एक लहान मूल नुकतेच दगावले आहे. बाप पूर्वी किराणा दुकानाचा मालक होता. तिसऱ्याचा निवारा म्हणजे झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, पत्रे व रद्दी कागद यांचा आडोसा. बाप बटाईने शेत कसणारा, मूल गोणपाट नेसलेले, आणि घरात नुकतेच मेलेले बाळ जन्माला आलेले.

एकाच वस्तीत तीन निवारे शेजारी मांडले की वाचकाला काळ दिसू लागतो. ही तीन कुटुंबे नसून एकाच कुटुंबाची तीन वर्षे आहेत, हे लेखक उघड न सांगताही कळते. दुसरी गोष्ट अशी की लेखकाने उतरंड मोजली आहे ती उत्पन्नाने नव्हे, आत्मसन्मानाने; आणि आत्मसन्मानाचे माप म्हणून त्याने घेतली आहे स्वच्छता. खणलेला खड्डा हे पहिल्या कुटुंबाच्या माणूसपणाचे प्रमाणपत्र ठरते. हे माप समर्थ आहे, पण धोक्याचेही आहे. तिसऱ्या कुटुंबाने खड्डा खणण्याचे सोडले म्हणून त्याचा निवाऱ्यावरील हक्क कमी होतो काय? लेखात या प्रश्नाला उत्तर नाही. कादंबरीने मात्र त्याच्याशी झुंज घेतली आहे, आणि तिचे मोठेपण बऱ्याच अंशी या झुंजीत आहे.

कादंबरीत छावणीचा विचार सुरू होतो तो कॅलिफोर्निया येण्यापूर्वीच. सतराव्या प्रकरणात पश्चिमेकडे निघालेली कुटुंबे रोज संध्याकाळी पाण्याच्या आश्रयाने एकत्र थांबतात व तेथे रात्रीपुरते एक जग उभे राहते. या जगाला नियम आहेत. तंबूतील खाजगीपणा पाळावा, पाण्याजवळ घाण करू नये, भुकेल्याच्या समोर चांगलेचुंगले अन्न खाऊ नये. ते खायचे असेल तर त्याला बोलवावे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा दोनच, जीवघेणी मारामारी किंवा बहिष्कार. या प्रकरणाला कथानक नाही, म्हणून ते पुष्कळदा भाषण ठरवून ओलांडले जाते. पण पुढील सर्व छावण्यांची कसोटी येथे ठरलेली आहे. मजुरांजवळ स्वतःचा कायदा आहे व तो कोणी अधिकाऱ्याने दिलेला नाही, हे लेखकाने सरकारी छावणी दाखविण्याच्या पाच प्रकरणे आधी नोंदवून ठेवले आहे.

त्यानंतर येते बेकर्सफील्डजवळची 'हूवरव्हिल'. माजी राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ओळखली जाणारी अशी झोपड्यांची वस्ती त्या काळी गावोगाव होती. येथे आई रश्श्याचे भांडे चुलीवर ठेवते व वस्तीतील पोरे भोवती गोळा होऊन नुसती पाहत उभी राहतात. भुकेल्यासमोर खाऊ नये हा रात्रीच्या जगाचा नियम. पण भुकेली इतकी की बोलवावे कोणाला? आई आपल्या माणसांना वाढते, भांड्याच्या तळाला उरलेले पोरांना देते, आणि पोरे काड्यांनी भांडे खरवडतात. थोड्या वेळाने त्यांतल्या एकाची आई रागाने येते: तिच्या मुलाने रस्सा खाल्ल्याचे घरी सांगितले, आता तिने त्याला काय द्यावे? दानाचे पुण्य आईच्या पदरात पडत नाही, आणि न दिल्याची टोचणीही सुटत नाही. नीतीला आधाराची जमीन लागते, ती येथे उरलेली नाही. याच वस्तीत ठेकेदार मजुरीचा दर न सांगता माणसे मागतो, दर विचारणाऱ्याला पकडण्यास डेप्युटी पुढे होतो, त्याच्या गोळीने एका स्त्रीच्या हाताची बोटे उडतात, व अखेर वस्ती जाळून टाकण्याची धमकी येते. हूवरव्हिलमध्ये घाण आहे, पण लेखकाचा रोख घाणीवर नाही. तेथे कोणीही केव्हाही आत येऊ शकतो, हे तिचे खरे लक्षण आहे.

यापाठोपाठ वीडपॅचची सरकारी छावणी येते, तेव्हा तिचे पहिले वैशिष्ट्य नळ व स्नानगृह हे नसून डेप्युटीला वॉरंटावाचून आत येता येत नाही हे आहे. या छावणीमागे खरा इतिहास आहे. १९३५ साली अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर व छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मजुरांच्या वसतींवर सचित्र अहवाल तयार केले व त्यांतून मेरीसव्हिल आणि आर्व्हिन येथील पहिल्या दोन छावण्या निघाल्या. पुढे त्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्याकडे, व १९३७ नंतर 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन'कडे आल्या. आर्व्हिनचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स आपल्या अहवालांत आकड्यांबरोबर मजुरांची गाणी, बोलणे, भांडणे, घरखर्चही टिपून ठेवी. स्टाइनबेकने या अहवालांचा भरपूर उपयोग केला, आणि कादंबरी ज्या दोघांना अर्पण केली त्यांत पत्नीबरोबर हा टॉमही आहे.

वीडपॅचच्या प्रकरणांवर प्रचाराचा आक्षेप घेतला जातो. व्यवस्थापक अति सज्जन, समित्या अति समंजस, शनिवारच्या नाचात दंगल घडवून पोलिसांना आत घुसविण्याचा बागाईतदारांचा डाव अति सहज फसतो. यांपैकी शेवटचा आक्षेप मान्य करावा लागेल. नाचाचा प्रसंग रंगतो, पण त्यातील संकट पोकळ आहे. परंतु ज्या प्रसंगांना केवळ विनोद मानले जाते त्यांत पुष्कळ अधिक आहे. रूथी व विनफिल्ड ही भावंडे जन्मात प्रथमच पाण्याचे शौचकूप पाहतात, पाण्याचा लोंढा येतो आणि आपण काहीतरी मोडले या भयाने ती गर्भगळित होतात. वाचक हसतो. पण या भीतीमागे एक शिकवण आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला हात लावला की शिक्षा होणार. गरिबीने मुलांना इतकी वस्तूंची ओळख दिली नाही, तितकी वस्तूंच्या मालकांची दिली आहे. स्त्रियांच्या समितीत शौचालयातील कागद संपण्यावरून चाललेली चर्चा हीही निव्वळ थट्टा नाही. कच्ची द्राक्षे खाऊन पोटे बिघडलेली मुले हे त्या कागदाचे कारण निघते, आणि कच्ची द्राक्षे खाण्याचे कारण असे की घरात दुसरे काही नाही. समिती त्या बाईला छावणीच्या दुकानातून उधार घेण्यास सांगते, ही भीक नव्हे म्हणून समजावते, व एक बाई धर्मादाय संस्थेच्या दारी भुकेपोटी झालेली मानखंडना आठवते. कागदाच्या हिशेबातून भूक, भुकेतून लाज, लाजेतून धर्मादायाची चीड, असा हा प्रसंग चढत जातो, आणि तो चढवताना लेखक भाषण करीत नाही. लेखमालेत स्वच्छता हे माणसाच्या गुणाचे माप होते. येथे ती नळाची, जागेची व निवडून दिलेल्या समितीची बाब झाली आहे. माणसे तीच, पाणी मिळताच वेगळी दिसतात.

परंतु या छावणीत काम मिळत नाही. सुमारे महिनाभरात टॉमला पाचच दिवसांचे काम मिळते, रोझ ऑफ शॅरनला पोटातल्या बाळासाठी दूध मिळत नाही, आणि जोड कुटुंब आपण होऊन ही जागा सोडते. येथे स्टाइनबेकच्या रचनेतील सचोटी दिसते. प्रचारकाने वीडपॅच शेवटी ठेवली असती. कादंबरीच्या तीस प्रकरणांपैकी ती बाविसाव्या व चोविसाव्यात येते आणि पुढे उतरण आहे. हूपरच्या पीचच्या बागेत पोलिसांच्या पहाऱ्यात शिरावे लागते. पेटीमागे पाच सेंट मिळतात, संप मोडताच तोच दर अडीच सेंटांवर येईल असे बाहेरचे संपवाले बजावतात. मजुरी बागेच्याच दुकानात चढ्या भावाने संपते. साखरेसाठी दहा सेंट कमी पडतात तेव्हा दुकानातील कारकून ते स्वतःच्या खिशातून भरतो. खाजगी मळ्यांवरील अशा चाळींचे वर्णन स्टाइनबेकने लेखमालेतही केले होते: दहा फूट बाय बारा फुटांची एकेक खोली, पाणी गल्लीच्या टोकाला. त्यानंतर कापसाच्या हंगामात मालगाडीचे मोडीत काढलेले डबे येतात. एका डब्यात दोन कुटुंबे व मध्ये ताडपत्रीचा पडदा. अखेर पूर येतो. पुरुष मिळून बांध घालतात, उन्मळून आलेले झाड तो फोडते, आणि मेलेले बाळ जन्मते. लेखमालेतील तिसऱ्या निवाऱ्यातील बाळ येथे पुन्हा भेटते. पुराचे तपशील १९३८ च्या आरंभी व्हायसेलिया भागात स्टाइनबेकने कॉलिन्ससह प्रत्यक्ष पाहिले होते.

जॉन फोर्डच्या १९४० च्या चित्रपटाने हा क्रम उलटा केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेथे मळ्यावरची छावणी आधी व सरकारी छावणी नंतर येते. चित्रपट उत्तम आहे, पण त्यात सरकारी छावणी हे उत्तर होते. कादंबरीत ती एक प्रश्न आहे.

आता ज्या उणिवेकडे काणाडोळा करता येत नाही तिच्याकडे वळले पाहिजे. लेखमालेत स्टाइनबेकचा एक मुख्य युक्तिवाद असा आहे की पूर्वीचे शेतमजूर परकीय होते, हे नवे लोक मात्र जुन्या अमेरिकन वंशाचे आहेत, व म्हणून पूर्वीची दडपशाही यांच्यावर चालणार नाही. १९३८ मध्ये ही माला पुस्तिकेच्या रूपाने निघाली तेव्हा तिला दिलेले नावही या लोकांच्या रक्ताचाच गौरव करणारे होते. कादंबरीच्या एकोणिसाव्या प्रकरणात चिनी, जपानी, मेक्सिकन व फिलिपिनो मजुरांचा उल्लेख येतो, पण तो इतिहास म्हणून. छावण्यांमध्ये त्यांच्यापैकी एकही पात्र जिवंत होऊन बोलत नाही. वस्तुतः १९३३ च्या सॅन वाकीन खोऱ्यातील कापूस वेचणाऱ्यांच्या प्रचंड संपात बहुसंख्य मजूर मेक्सिकन होते. मळ्यांवरून हाकलून दिल्यावर त्यांनी कॉर्कोरनजवळ भाड्याच्या जमिनीवर हजारोंची छावणी स्वतः वसविली व स्वतः चालविली. वीडपॅचच्या स्वराज्याचा हा पूर्वज कादंबरीत नाही. त्याहून मागे, १९१३ साली व्हीटलंड येथील हॉपच्या मळ्यावर सुमारे २,८०० माणसे जमविलेली असताना शौचकूपांची संख्या दहापर्यंतही पोचत नव्हती. तेथे जो उद्रेक झाला त्यात चौघांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच मजुरांच्या छावण्यांच्या आरोग्यतपासणीला राज्यात खरा आरंभ झाला. त्या मळ्यावर अनेक भाषा बोलणारे मजूर होते व त्यांत हिंदी मजूरही होते. केरी मॅक्‌विल्यम्सच्या 'फॅक्टरीज इन द फील्ड' या ग्रंथात ही सर्व परंपरा सलग मांडली आहे. हा ग्रंथ कादंबरीच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तिच्यानंतर काही महिन्यांतच निघाला; त्यामुळे तो शेजारी ठेवून कादंबरी वाचणे तेव्हाही शक्य होते.

कादंबरीकाराने सर्व काही सांगावे अशी अपेक्षा अर्थातच कोणी करू नये. आक्षेप निवडीला नाही. आक्षेप असा आहे की जोड कुटुंबाविषयीची सहानुभूती अंशतः ते 'आपल्यापैकी' आहेत या जाणिवेवर उभी केली आहे, आणि त्या काळच्या वाचकाने ती तशीच स्वीकारली. लँगने १९३६ मध्ये निपोमो येथील वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर घेतलेल्या आईच्या छायाचित्राचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. त्याच भेटीतील दूरवरून घेतलेल्या चित्रांत राहुटी, पेटी, झुलती खुर्ची दिसते. जगप्रसिद्ध झालेल्या चित्रात तळ जवळजवळ नाहीसा झाला आहे व मुखावरील चिंता तेवढी उरली आहे. चित्रे छापून येताच त्या तळाकडे धान्य रवाना झाले, पण ते पोचेपर्यंत ती स्त्री पुढच्या कामाकडे निघून गेली होती. ती चेरोकी वंशाची होती, हे जगाला कळले १९७८ नंतर. त्यापूर्वी चार दशके ती गोऱ्या स्थलांतरितांची प्रतिमा म्हणून पाहिली गेली. चौकट जवळ आली की करुणा वाढते आणि छावणी दिसेनाशी होते. स्टाइनबेकची मधली प्रकरणे चौकट पुन्हा दूर नेतात, हा त्यांचा उपयोग रसभंगाची तक्रार करणाऱ्यांनी विचारात घेतलेला नाही.

या संदर्भात सनोरा बॅबच्या 'हूज नेम्स आर अन्‌नोन' या कादंबरीशी तुलना अपरिहार्य ठरते. बॅबचे बालपण त्याच कोरडवाहू पठारावर गेले होते, आणि १९३८ मध्ये ती कॉलिन्सबरोबर या छावण्यांतून काम करीत होती. तिची टिपणे कॉलिन्सच्या हातून स्टाइनबेककडे गेली, असे तिने पुढे सांगितले आहे. तिच्या कादंबरीचा सुमारे अर्धा भाग स्थलांतरापूर्वीचा आहे. धुळीचे दिवस एका स्त्रीच्या रोजनिशीतून येतात. त्यासाठी बॅबने आपल्या आईच्या पत्राचा आधार घेतला. तिथले मेलेले बाळ प्रवासाच्या शेवटी नव्हे, आरंभीच जन्मते, व कुटुंब ते दुःख बरोबर घेऊन कॅलिफोर्नियात येते. छावणीत तिची गोरी व काळी माणसे एकाच संपात उभी राहतात. स्टाइनबेकचा आवाका, त्याच्या मधल्या प्रकरणांचा घोष बॅबजवळ नाही. तिची मांडणी मंद, कित्येकदा सपाट आहे. पण आईला देवी करण्याचा मोह तिने टाळला आहे. तिची जुलिया थकते, चिडते, हिशेब करते. स्टाइनबेकची आई क्वचितच थकते.

बॅबचे हस्तलिखित १९३९ साली न्यूयॉर्कच्या रँडम हाउसकडे होते. 'द ग्रेप्स ऑफ राथ'च्या खपाचा विक्रम चालू असता त्याच विषयावरील दुसरी कादंबरी काढणे प्रकाशक बेनेट सर्फ याला व्यवहार्य वाटले नाही व ते परत गेले. ते छापून निघाले २००४ मध्ये, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुद्रणालयातर्फे. पुढच्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी बॅबचे निधन झाले.